मार थांबावा, घर राहावं
घरातल्या मारहाणीला तोंड देणाऱ्या ज्येष्ठांसाठी आणि त्यांच्या पाठीशी उभं राहणाऱ्यांसाठी

“पोटचा आहे हो, पोलिसात नको.” सत्तरी गाठलेल्या आईवर किंवा बापावर घरातच हात उगारला गेला की बहुतेक वेळा पहिलं वाक्य हेच निघतं. त्यात भीती असते, लाज असते आणि मायाही असते. तक्रार केली तर मुलगा आत जाईल, सून माहेरी निघून जाईल, नातवंडं उघड्यावर पडतील, उद्या अंथरूण धरलं तर पाण्याचा पेला द्यायला कोणी उरणार नाही, असा हिशेब म्हातारी माणसं मनातल्या मनात मांडत राहतात. झाकली मूठ झाकलीच राहते.

हा हिशेब ‘कायदा म्हणजे तुरुंग’ असं धरून मांडलेला असतो, आणि तिथेच तो चुकतो. तुरुंगाच्या अलीकडे कायद्यात पुष्कळ काही आहे. मारहाण करू नको असा न्यायालयाचा हुकूम मिळतो. शांतता राखण्याचं बंधपत्र लिहून घेता येतं. दरमहा चरितार्थाची रक्कम ठरवून मिळते, राहत्या घरातला हक्क राखता येतो, लिहून दिलेली जमीन परत मागता येते. अडचण अशी की हे सगळं एका कचेरीत मिळत नाही. मारहाणीची तक्रार घेऊन माणूस तहसिलीत जातो, जमिनीची तक्रार घेऊन ठाण्यात जातो, आणि दोन्हीकडून “हे आमच्याकडे नाही” ऐकून घरी परततो. म्हणून कोणत्या त्रासासाठी कुठे जायचं, हे वर्धा जिल्ह्यापुरतं इथे क्रमाने सांगतो आहे.

कशाकशाला हिंसा म्हणायचं

काठी पडली, डोकं फुटलं तरच हिंसा, असं नाही. ढकलणं, केस ओढणं, खोलीत कोंडणं हीही हिंसाच. औषध न देणं, मुद्दाम उपाशी ठेवणं, चष्मा किंवा काठी लपवणं, ‘श्रावणबाळ’ निवृत्तिवेतनाचे पैसे खात्यात पडले की पासबुक हिसकावणं, अंगठा लावायला नेऊन रक्कम स्वतःच्या खिशात घालणं, “सही कर नाहीतर घराबाहेर हो” म्हणणं, हेही त्यातच येतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे हिंसेचे चार प्रकार स्पष्ट नोंदवले आहेत. वर्धा जिल्ह्यात कित्येक दशकं दारूबंदी आहे. तरी चोरून मिळणारी दारू आणि तिच्यासाठी म्हाताऱ्याकडे मागितले जाणारे पैसे हे अनेक घरांतल्या भांडणाचं मूळ आहे, हे इथे कोणाला नव्याने सांगायला नको.

या हिंसेची मोजणीही नीट होत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरगुती हिंसेबद्दलचे प्रश्न १८ ते ४९ वयाच्या बायकांनाच विचारले जातात. पन्नाशी ओलांडली की बाई त्या आकड्यांतून गळते, आणि पुरुष तर त्यात कधी धरलेलाच नव्हता. २०१७-१८ च्या ‘लासी’ या देशव्यापी पाहणीत साधारण ५ टक्के ज्येष्ठांनी आदल्या वर्षभरात वाईट वागणूक मिळाल्याचं सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात साठीपुढच्या दर सहा माणसांपैकी एकाला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या छळाला तोंड द्यावं लागतं. या दोन आकड्यांतला फरक पाहताना एक गोष्ट विसरू नये. अशा पाहणीत घरचं माणूस शेजारी बसलेलं असेल, तर म्हातारी खरं सांगेलच असं नाही.

पहिले काही तास

जीवाला धोका असेल तर ११२ लावा. हा क्रमांक साध्या बटणाच्या मोबाइलवरूनही लागतो. गावाचं आणि घराजवळच्या ठळक खुणेचं नाव सांगा. “मुलगा मारतो आहे, मी इतक्या वर्षांची आहे” एवढं सांगितलं तरी पुरे. महिलांसाठी १८१ आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ हे मदतक्रमांक आहेत. १४५६७ वर काय करावं याचा सल्ला मिळतो आणि स्थानिक मदतीशी गाठ घालून दिली जाते, पण पोलिस तातडीने हवे असतील तर ११२ च.

वाद सुरू असताना सातबारा, दागिने, पैसे यांवरून हुज्जत घालू नका. आधी घराबाहेर, माणसांत या. ज्या घरात एकदा हात उठला आहे, तिथे शेजारच्या विश्वासू घरी एक पिशवी ठेवून द्यावी. तिच्यात आधार कार्ड, पासबुक आणि सातबारा यांच्या प्रती असाव्यात, आठवडाभराच्या गोळ्या असाव्यात, डॉक्टरांची चिठ्ठी, थोडे सुटे पैसे, लेकीचा आणि पोलिस पाटलाचा नंबर लिहिलेला कागद असावा. मोबाइल हिसकावून घेतला तर नंबर पाठ नसतो, म्हणून कागद.

आधी दवाखाना, आणि तिथे खरं सांगा

म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत दवाखाना टाळणं फार महाग पडतं. या वयात हाडं ठिसूळ झालेली असतात, त्यामुळे साध्या ढकलण्यानेही मनगट किंवा खुब्याचं हाड मोडतं. डोक्याला लागलेला मार वरून किरकोळ दिसला तरी आत हळूहळू रक्त साकळू शकतं. त्याची लक्षणं काही वेळा दोन-तीन आठवड्यांनी दिसतात. डोकं दुखत राहणं, सतत झोप येणं, बोलण्यात गोंधळ, चालताना तोल जाणं, यांतलं काही दिसलं तर “वय झालं” म्हणून सोडू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

वर्ध्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय, हिंगणघाट आणि आर्वीची उपजिल्हा रुग्णालयं, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, सावंगी मेघेचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, यांपैकी जे जवळ असेल ते गाठा. पोलिसांची चिठ्ठी नाही म्हणून तातडीचे उपचार अडवता येत नाहीत. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरने आधी जखमीचा जीव वाचवला पाहिजे आणि कागदोपत्री सोपस्कार नंतर करावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्येच सांगितलं आहे.

डॉक्टरने “काय झालं?” विचारलं की सोबत आलेला मुलगाच उत्तर देतो, “न्हाणीत घसरली.” इथे पुढची सगळी केस ढासळते. “मला डॉक्टरांशी एकटीने बोलायचं आहे” असं सांगण्याचा तुम्हाला अधिकार आहे. कोणी, कशाने, कधी मारलं ते सांगा आणि ‘एमएलसी’ म्हणजे न्यायवैद्यक नोंद करायला सांगा. जुने वळ, सुकलेल्या जखमाही दाखवा, कारण त्यांवरून मार पहिल्यांदा बसलेला नाही हे कळतं. एक्स-रे काढायला सांगितला तर टाळू नका. हाड मोडलं किंवा दात पडला असेल तर कायद्याच्या लेखी ती साधी दुखापत राहत नाही, गंभीर दुखापत ठरते. आणि हा फरक पुढे ठाण्यात सगळ्यात जास्त कामाला येतो. जखमांचे फोटो त्याच दिवशी आणि पुन्हा दोन दिवसांनी काढून ठेवा, कारण वळ मागाहून जास्त उमटतात.

वृद्ध स्त्रीवर लैंगिक अत्याचार झाला असेल तर वयाची लाज मध्ये येऊ देऊ नका. आंघोळ करण्याआधी आणि कपडे धुण्याआधी दवाखान्यात जा. अंगावरचे कपडे कोरड्या कागदी पिशवीत घ्या. अशा पीडितेवर सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांनी मोफत उपचार करणं बंधनकारक आहे. जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो आणि तो तुमच्या घरी किंवा तुम्ही सांगाल तिथे घेता येतो. अवमानकारक ‘दोन बोटांची चाचणी’ सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये चुकीची ठरवली आणि २०२२ मध्ये पुन्हा ठणकावून बंद करायला सांगितली. या बदलाला वर्ध्याचाही हात लागला आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यकतज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी अत्याचारग्रस्तांच्या तपासणीतली अनास्था अहवालातून मांडली, तो विषय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला, आणि तपासणीच्या पद्धती बदलण्याला त्यातून वेग आला.

ठाण्यात काय मागायचं

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यातली चार कलमं लक्षात ठेवण्याजोगी आहेत. साधी दुखापत: कलम ११५(२), एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. गंभीर दुखापत: कलम ११७(२), सात वर्षांपर्यंत कैद. विळा, कुऱ्हाड यांसारखं हत्यार वापरणं किंवा चटका देणं: कलम ११८. खोलीत कोंडून ठेवणं: कलम १२७.

साधी दुखापत हा अदखलपात्र गुन्हा आहे. म्हणजे ठाण्यात ‘एनसी’ होते आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलिस तिचा तपास करत नाहीत. “नुसती एनसी झाली, काही उपयोग नाही” असं म्हणून लोक निराश होतात. एनसीची प्रत मात्र जपून ठेवावी. उद्या उपविभागीय अधिकाऱ्यापुढे किंवा न्यायालयात जायचं झालं तर मारहाणीचा तारखेसह पुरावा तोच. बाकीचे तीन गुन्हे दखलपात्र आहेत. तिथे एफआयआर नोंदवलाच पाहिजे आणि त्याची प्रत तुम्हाला फुकट मिळाली पाहिजे.

मुलाला गुन्हेगार ठरवायचं नाही, पण मार थांबला पाहिजे, असं ज्यांना वाटतं त्यांनी ठाणेदाराकडे प्रतिबंधक कारवाई मागावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली पोलिस कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे प्रस्ताव पाठवतात, आणि तिथे एक वर्षापर्यंत शांतता राखण्याचं बंधपत्र मुलाकडून लिहून घेता येतं. लोक याला ‘चॅप्टर केस’ म्हणतात. बऱ्याच घरांत एवढ्याने हात आवरतो. ज्याचा आवरत नाही, त्याच्याविरुद्धची पुढची तक्रार मग जास्त भक्कम होते.

ठाण्यात आणखी तीन गोष्टी सांगता येतात. एक, घटना दुसऱ्या हद्दीतली असली तरी तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते. लेकीच्या गावी पळून आलात तर तिथल्या ठाण्यात ती ‘शून्य’ क्रमांकाने नोंदली जाते आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवली जाते. दोन, साठीपुढच्या पुरुषाला आणि कोणत्याही वयाच्या स्त्रीला साक्षीदार म्हणून चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही. जबाब घ्यायला पोलिसांनी घरी यायचं असतं. तीन, दखलपात्र गुन्हा असूनही तक्रार घेतली नाही तर ती लेखी स्वरूपात टपालाने वर्ध्याच्या पोलिस अधीक्षकांकडे पाठवा. तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. टपालाची पावती सांभाळा.

गावात तंटामुक्त समिती आहे, पोलिस पाटील आहेत. बांधाचा वाद, पाण्याची पाळी समितीपुढे मिटते आणि मिटावीही. पण मार खाल्लेल्या म्हातारीला चार माणसांसमोर “सोडून दे, पोरगं आहे” म्हणायला लावणं म्हणजे तंटा मिटवणं नव्हे. समितीला संरक्षणाचा हुकूम काढण्याचा अधिकार नाही. तो ज्याला आहे त्याच्याकडे माणसाला नेऊन पोचवणं हेच तिचं काम.

एसडीओ कार्यालय: चरितार्थ, घर, जमीन

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा कायदा २००७ मध्ये झाला आणि महाराष्ट्रात तो १ मार्च २००९ पासून लागू आहे. त्याखालचं न्यायाधिकरण उपविभागीय अधिकाऱ्याकडे, म्हणजेच एसडीओकडे, असतं. वर्धा, सेलू आणि देवळी तालुक्यांसाठी वर्ध्याचं कार्यालय. हिंगणघाट आणि समुद्रपूरसाठी हिंगणघाटचं. आर्वी, आष्टी आणि कारंजासाठी आर्वीचं. मुलगा पुण्यात आणि तुम्ही पुलगावात राहत असाल तरी अर्ज तुमच्या उपविभागात करता येतो.

अर्ज साठीपुढची कोणतीही व्यक्ती करू शकते. आई-वडिलांना तर वयाचीही अट नाही. दत्तक आणि सावत्र आई-वडीलही यात येतात. अर्ज मुलगा, मुलगी, सज्ञान नातू-नात यांच्याविरुद्ध करायचा. सून आणि जावई ‘अपत्य’ या व्याख्येत येत नाहीत, म्हणून चरितार्थाची मागणी त्यांच्या नावे करू नका. मूलबाळ नसलेल्यांना, ज्याच्याकडे त्यांची मालमत्ता आहे किंवा पुढे जाणार आहे त्या वारसाकडे चरितार्थ मागता येतो. मुलीवर जबाबदारी नाही हा समजही सोडा. कल्याणच्या एका डॉक्टर लेकीने, लग्न झालेल्या मुलीला बाप पोसण्याचं बंधन नाही, असा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता. विजया अरबट प्रकरण म्हणून तो ओळखला जातो. १९८७ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला आणि स्वतःचं पुरेसं उत्पन्न असलेली विवाहित मुलगीही जबाबदार आहे, असं ठरवलं.

अर्ज साध्या भाषेत लिहावा: कोण, किती वय, मुलं किती, त्यांचं काम आणि अंदाजे उत्पन्न काय, त्रास काय, मागणं काय. सोबत वयाचा पुरावा, दवाखान्याचे कागद, एनसी किंवा एफआयआरची प्रत, सातबारा, घराचा ग्रामपंचायतीतला उतारा जोडावा. या प्रकरणात वकील लागत नाही. न्यायाधिकरणापुढे वकील उभा करता येणार नाही अशीच कायद्यातली तरतूद आहे. चालवत नसेल, दिसत नसेल तर तुम्ही अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था तुमच्या वतीने अर्ज करते. माणूस स्वतः काही सांगण्याच्या अवस्थेत नसेल तर न्यायाधिकरणाला आपणहून दखल घेण्याचाही अधिकार आहे.

नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल व्हावा, फार तर आणखी ३० दिवस लागावेत, असं कायदा सांगतो. तोपर्यंत उपाशी राहायचं नाही. ‘अंतरिम चरितार्थ’ अर्जातच मागा. कमाल रक्कम दरमहा १०,००० रुपये आहे. प्रकरण आधी समेट अधिकाऱ्याकडे पाठवलं जाऊ शकतं. तिथे भीतीपोटी मान डोलावू नका. जे ठरेल ते लिहून घ्या आणि त्यावर आदेश मागा. आदेशाची प्रत फुकट मिळते.

आदेश होऊनही पैसे दिले नाहीत तर वसुलीचं वॉरंट निघतं, आणि तरीही रक्कम दिली नाही तर महिनाभरापर्यंत कैद होऊ शकते. मात्र रक्कम थकल्यापासून तीन महिन्यांच्या आत तुम्ही अर्ज केला पाहिजे. “देईल पुढच्या महिन्यात” म्हणत थांबलात तर जुनी थकबाकी हातची जाते. निकाल पटला नाही तर ६० दिवसांत जिल्हाधिकारी स्तरावरच्या अपील न्यायाधिकरणाकडे जा. आई-वडिलांना कुठेतरी नेऊन सोडून देणं हा याच कायद्याखाली दखलपात्र गुन्हा आहे. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होतात.

मारकुट्या मुलाला घराबाहेर काढता येतं का? घर तुमच्या मालकीचं असेल आणि तुमच्या संरक्षणासाठी आवश्यक असेल, तर न्यायाधिकरण तसा आदेश देऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने एस. वनिता प्रकरणात डिसेंबर २०२० मध्ये म्हटलं. पण त्याच निकालाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे: त्या घरात राहण्याचा सुनेचा कायदेशीर हक्क या कायद्याच्या आडून उडवता येत नाही. मुलगा आई-बापालाही मारतो आणि बायकोलाही, असं पुष्कळ घरांत असतं. तिथे सासू आणि सून एकमेकींविरुद्ध उभ्या राहण्यापेक्षा एकमेकींच्या साक्षीदार झाल्या तर दोघींची बाजू भक्कम होते.

आईसाठी आणखी एक वाट

कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा फक्त नवऱ्याच्या छळासाठी आहे असं अजूनही अनेकांना वाटतं. आईला तो मुलाविरुद्धही वापरता येतो. पूर्वी प्रतिवादी ‘सज्ञान पुरुष’ असला पाहिजे असा शब्द कायद्यात होता, त्यामुळे सून किंवा मुलगी निसटत असे. मुंबईच्या एका आईने आणि लेकीने मुलगा, सून आणि मुलींविरुद्ध लढलेल्या हरसोरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २०१६ रोजी ते शब्दच काढून टाकले. आता घरातली स्त्री मारत असेल तरी आईला या कायद्याखाली दाद मागता येते. बापाला मात्र हा कायदा लागू नाही. त्याने पोलिस आणि एसडीओ याच वाटांनी जावं.

या कायद्याखाली दाद मागायची तर महिला व बालविकास विभागाच्या संरक्षण अधिकाऱ्याला किंवा ‘सखी’ वन स्टॉप सेंटरला भेटा. संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल लिहून घेतात आणि अर्ज दंडाधिकाऱ्याकडे जातो. सुनावणीची पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आतली असावी, असं कायदा म्हणतो. मारहाण करू नये, जवळ येऊ नये, घरातून काढू नये, घराचा खर्च द्यावा, असे हुकूम इथे मिळतात. गरज असेल तर समोरच्याचं म्हणणं ऐकण्याआधीच तात्पुरता हुकूमही होतो. मुलाला घर सोडायला सांगता येतं, पण कोणत्याही स्त्रीला घराबाहेर काढण्याचा आदेश या कायद्यात देता येत नाही. हुकूम मिळेपर्यंत मुलावर गुन्हा नसतो. हुकूम मोडला तर मात्र एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड. ‘पोलिसात नको, पण मार थांबावा’ या मागणीला सर्वांत जवळचं उत्तर हेच.

वकील हवा असेल तर वर्धा जिल्हा न्यायालयातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुका न्यायालयातली विधी सेवा समिती तो मोफत देते. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. फोनवर माहितीसाठी १५१००.

सही करण्याआधी

घरातल्या मारहाणीमागे अनेकदा वावर असतं. मुला-मुलीच्या किंवा नातवंडांच्या नावे शेतजमीन अथवा राहतं घर बक्षीसपत्राने द्यायचं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये आहे. खर्च कमी, काम झटपट. म्हणून मुलगा दुय्यम निबंधकाच्या कचेरीत घेऊन जातो, आणि त्यानंतर चार महिन्यांत ताटातली भाजी कमी होते.

बक्षीसपत्र झालं की मालकी गेली. मृत्युपत्राचं तसं नाही. ते मरणानंतरच लागू होतं, हयातीत कितीही वेळा बदलता येतं, त्याला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही. दोन साक्षीदार मात्र हवेत. म्हणून शक्यतो मृत्युपत्रच करा. बक्षीसपत्र करायचंच असेल तर त्यात स्पष्ट लिहून घ्या: देणाऱ्याचं अन्न, वस्त्र, औषधोपचार घेणाऱ्याने सांभाळायचे, आणि देणाऱ्याला या घरात तहहयात राहण्याचा हक्क राहील. हे एक वाक्य पुढे तुमची जमीन वाचवतं. २००७ च्या कायद्याचं कलम २३ सांगतं की सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता घेऊन सांभाळ केला नाही, तर तो व्यवहार फसवणुकीने किंवा दबावाने झाल्याचं मानून रद्द करता येतो. अट मात्र सिद्ध व्हायला हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने सुदेश छिकारा प्रकरणात २०२२ मध्ये म्हटलं. जानेवारी २०२५ मध्ये उर्मिला दीक्षित प्रकरणात न्यायालयाने ज्येष्ठांच्या बाजूने उदार अर्थ लावला आणि ताबा परत देण्याचा आदेशही न्यायाधिकरण देऊ शकतं, हे स्पष्ट केलं. कायदा लागू होण्यापूर्वीच्या व्यवहारांना मात्र हे कलम लागत नाही.

विधवांनी एवढं लक्षात ठेवावं: हिंदू वारसा कायद्यानुसार, नवऱ्याचं मृत्युपत्र नसेल तर, त्याच्या मालमत्तेत मुलं आणि मुली यांच्याइतकाच तुमचाही समान वाटा असतो. फेरफाराच्या वेळी “नुसती सही कर” म्हणून पुढे केलेला कागद हक्कसोडपत्र असू शकतो. तो वाचून घेतल्याशिवाय अंगठा लावू नका.

निराधार किंवा श्रावणबाळ योजनेची रक्कम दुसऱ्याच्या हाती पडत असेल तर दुसऱ्या बँकेत एकट्याच्या नावे खातं उघडा आणि तहसील कार्यालयाच्या संजय गांधी योजना शाखेत खाते बदलण्याचा अर्ज द्या. एटीएम कार्ड आणि पिन कोणालाही देऊ नका, लाडक्या नातवालाही नाही.

लेक, शेजारी, आशाताई

म्हातारं माणूस स्वतःहून तक्रार करील याची वाट पाहू नका. दंडावर दोन्ही बाजूंनी बोटांचे वळ, एकाच महिन्यात दुसऱ्यांदा ‘पडणं’, मुलगा समोर आला की गप्प होणं, अंगावर मळके कपडे, बेडसोर, गोळ्यांची न उघडलेली पाकिटं, यांतलं काही दिसलं तर घरात कोणी नसताना विचारा. “कोण मारतं?” असं थेट न विचारता “घरात भीती वाटते का? रात्री झोप लागते का? पैसे तुमच्याच हातात असतात का?” असं विचारलं तर उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. “मी कुणाला सांगणार नाही” असं वचन मात्र देऊ नका. “तुम्हाला विचारल्याशिवाय काही करणार नाही” एवढं म्हणा, आणि जीवाला धोका दिसला तर ११२ लावा.

कौटुंबिक हिंसाचाराची माहिती संरक्षण अधिकाऱ्याला कोणीही देऊ शकतं, आणि सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल देणाऱ्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही, असं कायद्यातच लिहिलं आहे. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी प्रत्येक ठाण्याने ठेवावी आणि त्यांच्याकडे नियमित जावं, असं राज्याच्या २०१० च्या नियमांत आहे. तुमच्या वस्तीतली नावं त्या यादीत आहेत का, हे ठाण्यात जाऊन विचारा. नसतील तर लेखी द्या.

पुण्या-मुंबईला असलेल्या लेकीने फोनवर रडून फार काही होत नाही. ती चार गोष्टी नक्की करू शकते: आईकडून अधिकारपत्र घेऊन एसडीओकडे तिच्या वतीने अर्ज करणं, दवाखान्याच्या कागदांचे फोटो तारखेनुसार जपणं, थकलेल्या रकमेच्या तीन महिन्यांच्या मुदतीवर नजर ठेवणं, आणि सुनावणीच्या दिवशी आईला कचेरीत नेऊन पोचवेल असं गावातलं एक माणूस आधीच ठरवून ठेवणं. बहुतेक प्रकरणं कायद्यात कमी पडत नाहीत. ती तारखेच्या दिवशी गाडीत बसवून न्यायला कोणी नव्हतं म्हणून पडतात.